गोमाच्या मुठीतली बिजली

बिजली मी टाकली होती. मोहाडीच्या माझ्या दुकानात, फिरत्या खुर्चीवर बसून, उजव्या हाताच्या याच बोटानं माउसची कळ दाबून टाकली होती. हे मी पट समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, समितीला सांगितलं, भजेवाल्याला सांगितलं, बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराला सांगितलं, आणि शेवटी डोकं फिरल्यावर खुंट्याला बांधलेल्या एका बैलालाही सांगितलं. बैलानं मान हलवली. बाकी कोणाला पटलं नाही. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही बैलाच्या बाजूचे की समितीच्या, हे वाचून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

मला लोक बाबूभाऊ म्हणतात. मी लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. या जिल्ह्यातली निम्मी जनता माझ्या कॅमेऱ्यापुढे बोहल्यावर चढली आणि उरलेली निम्मी माझ्या कॅमेऱ्यापुढे जेवली. लोकांना वाटतं, व्हिडिओवाल्याचं काम म्हणजे कॅमेरा खांद्यावर घ्यायचा आणि फुकट जिलेबी खायची. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं, ते म्हणजे कापणं. आणि लग्नाची कापाकापी मानपानावर चालते. नवरीचा मामा किती वेळ दिसला, नवऱ्याची आत्या किती वेळ दिसली, यावर दोन घराण्यांचं बोलणं बंद होतं. एका आत्यानं दुकानात येऊन, स्वतःचा चेहरा दिसला तेवढा वेळ मोजून, जावेपेक्षा कमी निघाला म्हणून माझ्या दारात ठिय्या दिला होता. तिला जेवण आम्हीच घातलं.

अशी सगळी हयात काढल्यावर, केस पिकल्यावर, मी फॅन व्हिडिओ करायला शिकलो. कोणी शिकवलं नाही. फॅन व्हिडिओ म्हणजे काय, तर ज्याच्यावर आपला जीव जडला त्याची दृश्यं गोळा करायची, गाण्याच्या ठेक्यावर कापायची आणि मोबाइलच्या जगात सोडून द्यायची. कोणी ऑर्डर देत नाही, कोणी हार घालत नाही. लोक नटनट्यांचे करतात, क्रिकेटवाल्यांचे करतात. मी केला एका बैलजोडीचा आणि तिच्या धुरकऱ्याचा.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे धान घरात आलं, बांध्या म्हणजे धानाची शेतं मोकळी झाली, की गावोगाव शंकरपट भरतात. शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत. हलका छकडा, त्यावर जोडी हाकणारा धुरकरी, सरळ आखलेली दाण म्हणजे धावपट्टी, आणि दोन्ही बाजूंना इतकी माणसं की पृथ्वी त्या बाजूला थोडी कलत असणार. डोळ्याची पापणी लवायच्या आत जोडी पुढून निघून जाते, आणि नंबर लागतो तो पापणीच्याही हिश्शावर.

गोमा हा एकोडीचा धुरकरी. अंगानं असा की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून फिरावा. पण छकड्यावर उभा राहिला की ताडमाड. पूर्वी पटात तुतारी चालायची. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. त्या दिवसांतही गोमा रिकाम्या हातानं हाकायचा. मधे बरीच वर्षं पट बंद होते, तेव्हा तो राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि दुपारच्या सुट्टीत, तिथले लोक सांगतात, पोत्यांशी बोलायचा. पट पुन्हा उघडले ते नियमांसकट. काठी नाही, तुतारी नाही, बॅटरी नाही. बॅटरी म्हणजे मुठीत मावणारं झटका देणारं डबडं. काही नीच माणसं ते बैलाला लावायची. गोमाला नियमांनी काहीच फरक पडला नाही. त्याच्याजवळ आधीही हातच होता, आताही हातच होता.

आणि हातही कसा! शेवटचा टप्पा आला की गोमा कासरे डाव्या हातात घ्यायचा, उजवी मूठ आभाळात उंच उचलायचा आणि ओरडायचा, "हाऽऽ पाखऱ्या! हाऽऽ सरदार!" बैलांना ती मूठ पाठीमागून दिसत नसणारच, पण आवाज बदललेला कळत असणार. दोघं पोट जमिनीला लावून निघायचे. त्या मुठीवर माझा जीव जडला.

तर शिकणं. इंटरनेटवर कुठल्याशा देशातला एक गोरा माणूस हे काम शिकवतो. त्याचा एक शब्द मला कळत नसे. मी त्याचा आवाज बंद करून फक्त पडद्यावरचा बाण बघायचो. बाण जिथे गेला तिथे माझा बाण न्यायचा. तो मधेच चहा प्यायला उठला तर मीही उठायचो, न जाणो तोही कृतीचा भाग असेल. माझा कॉम्प्युटर इतका म्हातारा की व्हिडिओ तयार होताना त्याच्यामागून लू सुटायची. माझ्या बायकोनं, मंदानं, एका उन्हाळ्याचे सगळे पापड त्याच्या पाठीमागे वाळवले.

पहिला व्हिडिओ झाला. मी अभिमानानं मंदाला दाखवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "लगन लावून राह्यले का जी बैलायचं?"

झालं असं, की सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचाच साचा भरलेला होता. सरदार आणि पाखऱ्या दोन गुलाबी बदामांतून एकमेकांकडे पाहत होते, वरून पाकळ्या पडत होत्या, आणि शेवटी सोनेरी अक्षरांत "आपले विनीत" आलं होतं. मी तो पुसायच्या आत मेहुण्याला गेला होता, आणि मेहुण्याकडे गेलेली गोष्ट नागपूरपर्यंत जाते. पंधरवडाभर लोक मला विचारत होते, नवरी कोणती.

त्यातून शिकलो की लग्नाचा हात सोडावा लागतो. बैलाला आत्या नसते. इथे मानपान नाही, ठेका हाच मालक. ठेका पडला तिथे दृश्य बदललं पाहिजे, आणि सगळ्यात मोठा ठोका पडेल तिथे सगळ्यात मोठी गोष्ट दिसली पाहिजे. आधी गाणं ठरवायचं, मग चित्र. मी टेबलावर चमच्यानं ठेका धरून बसायचो, मंदा म्हणायची जेवायला वाढते, थांबा.

दुसरा व्हिडिओ चांगला झाला, तर साइटवाल्यांनी त्याचा आवाजच कापला. गाणं परक्याचं, परवानगी नाही. बैल मुके पळताना दिसू लागले. बरोबरच होतं त्यांचं, पण राग आलाच. म्हटलं, गाणं नको तर नको. कारध्याच्या दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातला, एक नगारेवाला गाठला, दुकानाच्या भिंतींना लग्नाच्या गाद्या टेकवल्या आणि त्याला मधे बसवून वाजवायला लावलं. त्यानं असा नगारा वाजवला की शेजारच्या किराणा दुकानातली तूरडाळ आपोआप निवडली गेली. तो ठेका माझा. त्याच्यावर कोणाच्या बापाचा हक्क नाही.

त्या नगाऱ्यावर मी तिसरा व्हिडिओ बांधला. शेवटी एक दणका होता, धडाड् करून. तिथे गोमाची मूठ बसवली. बसली, पण मजा येईना. मूठ होती धुळीत, लहानशी. लोकांची नजर तिच्यावर जाईना. गोरा मास्तर अशा वेळी काय करतो ते मी पाहिलं होतं. नजर प्रकाशाकडे जाते. जिथे न्यायची असेल तिथे उजेड ठेवायचा. म्हणून मी गोमाच्या मुठीतून निळी बिजली काढली. दणका पडतो, मूठ वर, आणि कडकड करून बिजली आभाळात.

तुम्हाला सांगतो, तो व्हिडिओ पाहून माझ्याच अंगावर काटा आला. मंदानं पदरानं डोळे पुसले, म्हणाली, धूळ गेली. मी म्हटलं, मोबाइलमधली धूळ डोळ्यात कशी जाईल? ती म्हणाली, "तुमचा व्हिडिओच तसा आहे जी."

व्हिडिओ पळाला. बैलांपेक्षा जोरात पळाला. आणि आमच्या तालुक्यातल्या एका मोठ्या पटाच्या अध्यक्षांच्या मोबाइलवर जाऊन थांबला. गावाचं नाव घेत नाही, मला अजून तिथल्या लग्नांना जायचं आहे.

त्या पटाच्या पहिल्या दिवशी सकाळी जोड्यांची नोंद चालू होती. मी कॅमेरा घेऊन पोचलो तर मांडवाजवळ गर्दी. मधे गोमा उभा, दोन्ही हात खाली. जोडीचे मालक सुखरामभाऊ अध्यक्षांपुढे हात जोडून. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यात, गळ्यात उपरणं, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये माझा नगारा.

"हे पाहा, हे!" अध्यक्ष दणक्यावर बोट ठेवून म्हणाले. "मुठीत करंट आहे. साफ दिसून राह्यला. बॅटरीवाल्याले आमच्या पटात छकड्यावर चढू देनार नाही. सुखराम, जोडी पळवाची असन तं दुसरा धुरकरी आन."

मी घुसलो. "अध्यक्षसाहेब, ते मी टाकलं आहे. कॉम्प्युटरनं."

"तुमी कोन?"

"व्हिडिओ ज्याचा आहे तो."

"मंग तुमी पुरावा दिला, धन्यवाद."

मी म्हटलं, अहो बॅटरीची बिजली आभाळात जाते का? ती दहा हात उंच जाते का? तशी बॅटरी असती तर गावाला लाइट लागले असते! तर मागून एक सदस्य म्हणतो, "आजकाल चायनाचा माल लै पावरफुल येते." ही माझ्या रागाची पहिली पायरी समजा. त्या सदस्याच्या घरच्या बारशाच्या व्हिडिओत मी पाळण्याभोवती चांदण्या टाकल्या होत्या. तेव्हा त्याच्या पोराला कोणी ग्रह समजलं नव्हतं.

मी मोहाडीला गेलो, मूळ चित्रीकरण घेऊन आलो. मूळ म्हणजे न कापलेलं, जसं कॅमेऱ्यात शिरलं तसं. समितीला मांडवात बसवलं आणि लॅपटॉपवर लावलं. धूळ, बैल, गोमा, मूठ. मूठ उघडून तोच हात पाखऱ्याच्या पाठीवर फिरवतो, तेही दिसत होतं. रिकामा तळवा, स्वच्छ.

समिती कंटाळली. खरं सांगतो, कंटाळली! एक जण विचारतो, "याच्यात गाणं नाही का?" दुसरा भजे आणायला गेला. आणि अध्यक्ष हसून म्हणाले, "बाबूभाऊ, तुमी बिजली काढून आनली. तुमच्या हातची कला आहे ते. काढाची तं काढता, टाकाची तं टाकता."

"मी टाकली म्हणून तर काढायचा प्रश्नच येत नाही. ही मूळची आहे!"

"मूळचा तं आमी आधी पाह्यला होता," अध्यक्ष म्हणाले.

वाचकहो, मला सांगा, याला काय उत्तर आहे? जे नगाऱ्यावर कापलं, रंगवलं, चमकवलं ते मूळ. आणि जे जसं घडलं तसं आहे, ते बनवलेलं. हे शिकायला मला गोऱ्या मास्तराची गरज पडली नाही, हे आमच्याच गावात फुकट मिळालं. मी इतका ओरडलो की लाउडस्पीकरवाल्यानं स्वतःचा भोंगा बंद केला.

गोमा ओरडला नाही. तो मांडवामागे तणसाच्या ढिगाला टेकून बसला होता. मी म्हटलं, "गोमा, बोल ना काही!"

"काय बोलू जी?"

"शिव्या दे. मला दे."

"तुमाले कायले देऊ? तुमी तं चांगलं केलं होतं. माझ्या भाच्यानं मोबाइलवर ठेवला तो." मग म्हणाला, "एक गोठ आहे, बाबूभाऊ. आज इथून बॅटरीवाला म्हणून गेलो, तं उद्या कोनता मालक माझ्या हातात कासरा देईन? पोते उचलाचं वय गेलं आता."

त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं ज्यासाठी लोक त्याचं नाव घेत. आणि ते नाव एका निळ्या रेघेनं पुसलं जात होतं. मी तिथेच बसलो. मला वाटलं, त्या अध्यक्षाला छकड्याला जुंपावं.

संध्याकाळी अध्यक्षांनी मला बोलावलं. मला वाटलं, अक्कल आली. माणूस खुर्चीत रेलला होता. म्हणाले, "उद्या मोठे पाहुने येऊन राह्यले. मैदानात मोठा पडदा लावला आहे. माझाबी एक व्हिडिओ बनवा. झेंडी दाखोताना, लोकायले हात करताना. त्याच नगाऱ्यावर."

ते पुढे झुकले. "आनि तसाच. बिजलीवाला."

मी म्हटलं, "बिजली कोणत्या हातात?"

"उजव्या. झेंडीवाल्या."

"साहेब, मंग तुमाले मालूम आहे बिजली कॉम्प्युटरची असते."

"माझी कॉम्प्युटरची," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "त्याची खरी."

माझ्या आत काहीतरी कडकडलं, आणि ते कॉम्प्युटरचं नव्हतं. मी हात जोडले, म्हटलं, होऊन जाईल. आणि घरी जाऊन मी आयुष्यातला सगळ्यात चांगला फॅन व्हिडिओ केला. प्रेमानं कोणीही करतो. रागानं केलेल्या व्हिडिओत एक ठोका चुकत नाही. अध्यक्ष झेंडी दाखवतात, बिजली. अध्यक्ष मिशीवरून हात फिरवतात, बिजली. अध्यक्ष एका बैलाच्या पाठीवर थाप मारतात, त्या थापेवर तर मी अशी बिजली सोडली की बैलाच्या शिंगांतून ठिणग्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले, पडदा लागला, नगारा सुरू झाला. अध्यक्ष छाती काढून उभे. माणसं शिट्ट्या मारायला लागली. बैलावरची थाप आली, कडाड् झालं, आणि मी निवेदकाच्या हातून माइक ओढला.

"पट समितीला नम्र विनंती!" माझा आवाज पार नदीपर्यंत गेला असेल. "अध्यक्षांच्या हातात बॅटरी दिसून राह्यली आहे! बैलाला करंट दिलेला सगळ्यांनी पाह्यला! नियमाप्रमाणे अध्यक्षांना मैदानाबाहेर काढा!"

अख्खं मैदान हसलं. पोट्टे पार नाचायला लागले, "बॅटरी तपासा! बॅटरी तपासा!" हवालदारही, बिचारा नोकरी सांभाळून, मान खाली घालून हसत होता. अध्यक्ष लालबुंद झाले, त्यांनी उजवा हात उंच केला, पंजा उघडला आणि ओरडले, "अबे पाहा ना! रिकामा आहे हात! व्हिडिओतलं आहे ते, व्हिडिओतलं!"

माइक माझ्या हातात होता. तो मी खाली केला. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली, मी तिला ओळखत नाही, आणि तिनं खणखणीत विचारलं, "मंग गोमाचा हात भरलेला होता का रे, बाप्पा?"

पाहुण्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ते अजून चमकत होते.

गोमाला शेवटच्या दिवशी पळू दिलं. माफी कोणी मागितली नाही. "गैरसमज झाला होता," एवढं निवेदकानं म्हटलं, जसा गैरसमज हा कोणी माणूस असून तो कालच्या गाडीनं निघून गेला होता. मी दाणीच्या टोकाला कॅमेरा लावून बसलो. सुखरामभाऊंनी बैलांच्या कपाळाला गुलाल लावला. गोमा छकड्यावर चढला.

चढल्याबरोबर त्यानं उजवा हात पुढे केला, पंजा उघडा, आणि आधी डाव्या बाजूच्या लोकांना दाखवला, मग उजव्या. कोणी सांगितलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाच सगळ्यात जास्त राग आला.

झेंडी पडली. जोडी आली, धुळीचा लोळ घेऊन आली. शेवटचा टप्पा. मी कॅमेरा गोमावर रोखला. गोमा ओरडला, "हाऽऽ पाखऱ्या! हाऽऽ सरदार!" पण मूठ वर गेली नाही. हात कमरेच्या बाजूला, बोटं ताणून पसरलेली, सगळ्यांना दिसेल असा. जोडीचा दुसरा नंबर आला.

नंतर बैलांना पाणी दाखवताना मी त्याला विचारलं, "गोमा, मूठ काहून नाही उचलली रे?"

"आता उचलली तं लोक मुठीकडं पाह्यते, बाबूभाऊ," तो म्हणाला. "बैलाकडं कोनी पाहत नाही. ते पळून राह्यले ना."

नजर प्रकाशाकडे जाते, हे मी गोऱ्या मास्तराकडून शिकलो होतो. ती परत कशी आणायची, ते त्यानं कुठेच शिकवलेलं नाही. मी सगळे व्हिडिओ शोधले.

त्यानंतरच्या हंगामातही गोमा पळाला. मालक त्याला बोलावतात, नाव राहिलं, तेवढं राहिलं. दर पटात चढल्यावर तो आधी तळवा दाखवतो. नवे धुरकरीही आता तसंच करतात, त्यांना वाटतं रीतच आहे. अध्यक्षांनी आपला व्हिडिओ मोबाइलवर अजून ठेवला आहे, बैलावरची थाप तेवढी कापून. कापायला दुसऱ्या गावचा माणूस लागला त्यांना, आणि त्यानं ठेका चुकवला आहे.

मी अजून गोमाचे व्हिडिओ करतो, त्याच नगाऱ्यावर. दणका तिथेच पडतो. खाली लोक लिहितात, काका, बिजली कुठे गेली? मी त्यांना जे उत्तर देतो ते या अंकात छापता येणार नाही. दणक्यावर मी आता काहीच टाकत नाही. नगारा धडाड् वाजतो, बैल पोट जमिनीला लावून येतात, आणि वर, जिथे मूठ असायची, तिथे धूळ आहे. ती मी तशीच ठेवतो.